वेल्डरचा श्वास आणि भरपाईचा कायदा

(बोरीवली येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या वर्गाचा विषय मी निवडलेला नाही. तो सुचवला मागाठाण्याच्या एका गाळ्यात काम करणाऱ्या वेल्डरने. आज रविवार असला तरी त्याच्या गाळ्याला सुट्टी नाही, त्यामुळे तो येथे येऊ शकलेला नाही, आणि त्याचे गाऱ्हाणे त्याच्या पाठीमागे मला मांडावे लागत आहे. त्याचे नाव मी सांगत नाही. उद्या त्याला कामावरून काढले तर ते पाप आपल्या माथी नको.

वय पंचेचाळीस. एकवीस वर्षे हातात होल्डर आहे. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, पाण्याच्या टाक्या, गोदामांचे सांगाडे असे सारे काम त्याने केले. काही वर्षांपूर्वी खोकला सुरू झाला. दवाखान्याने क्षयाचा इलाज केला. तो संपला, खोकला राहिला. म्हणून पुन्हा एकदा तोच इलाज झाला. बेडक्यात क्षयाचे जंतू एकदाही सापडले नव्हते. त्याची कागदपत्रांची पिशवी मी पाहिली. वय आहे, वजन आहे, विडी ओढता का याची नोंद आहे. परंतु हा मनुष्य पोटासाठी काय करतो, हे एकाही केस पेपरवर लिहिलेले नाही. त्याने मला विचारले, "भाऊ, पत्रा पडून बोट तुटलं असतं तर शेठनं काहीतरी हातावर ठेवलं असतं. छाती आतून गेली, तिचं काय?"

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. ते शंभर वर्षांपासून आहे. मग ते या माणसापर्यंत का पोहोचत नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम धुराविषयी. वेल्डिंगचा धूर चुलीच्या धुरासारखा नसतो. ठिणगीपाशी उष्णता इतकी प्रचंड असते की धातूची वाफ होते आणि ती वाफ हवेत येताच गोठून तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. आपण पाहतो तो निळसर धूर म्हणजे हवेत तरंगणारे लोखंड, आणि त्याबरोबर रॉडच्या लेपातून व गाभ्यातून निघालेले मँगनीज. काम स्टेनलेस स्टीलचे असेल तर त्यात क्रोमियम व निकेल येतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपावर काम असेल तर जस्त येते. याशिवाय ओझोन, नायट्रोजनचे वायू आणि कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड. जस्ताच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरते, अंग मोडून येते, लोक त्याला मलेरिया समजतात, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरतो म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. मँगनीजचे काम याहून संथ असते. ते वर्षानुवर्षे मेंदूत साठते, चाल अडखळू लागते, हात थरथरतो, चेहरा निर्विकार होतो. घरचे म्हणतात, वय झाले. आणि २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व पुरावा तपासून वेल्डिंगचा धूर मनुष्यात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. तंबाखू व अ‍ॅस्बेस्टॉस ज्या वर्गात आहेत, तोच हा वर्ग. त्यानंतर ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर केले की, काम अर्ध्या तासाचे असो वा दिवसभराचे, साध्या पोलादाच्या वेल्डिंगलाही घरात धूर खेचून घेणारी यंत्रणा लागेल. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत ही सबब चालणार नाही.

आपल्याकडे यावर उपाय काय? गूळ. वेल्डरला गूळ द्यावा, केळे द्यावे, पावशेर दूध द्यावे, म्हणजे छातीतला धूर धुऊन निघतो, अशी समजूत आहे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग झाली की रात्री बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या. गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात जातो. या दोहोंची गाठ पडत नाही. मालकांनी ही समजूत पोसली याचे मला नवल वाटत नाही, कारण गूळ पंख्यापेक्षा स्वस्त आहे. परंतु आपल्याच युनियनांनी मागण्यांच्या यादीत वर्षानुवर्षे दूधभत्ता लिहिला, तो वाढवून घेतला आणि विजयाच्या सभा घेतल्या. धूर ओढून घेणारा नळ मात्र त्या यादीत क्वचितच आला. ही कबुली आपण या वर्गात तरी द्यायला हवी.

आता कायदा. १९२३ पूर्वी या देशात कामावर जखमी झालेल्या कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. गिरणी कामगाराने बॅरिस्टर लावून मालकाची चूक दाखवायची, हे शक्यच नव्हते. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला तेव्हा ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलत होते. त्या कायद्याने ती अट मोडून काढली. चूक कोणाची हा प्रश्नच गौण ठरला. कामामुळे व काम चालू असता इजा झाली एवढे पुरे. शिवाय त्या कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट केली. ठरावीक धंद्यांत ठरावीक आजार झाला, तर तो आजार म्हणजे अपघातच झाला असे मानावे, असे त्याने ठरवले. हा आजार याच कामातून आला का, हे कामगाराने नव्याने सिद्ध करायचे नाही. तसे नाही हे दाखवण्याचा बोजा मालकावर. बोट तुटणे आणि छाती जाणे, यांत कायद्याच्या दृष्टीने भेद उरला नाही. आपल्या मागाठाण्याच्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

परंतु कायद्याच्या पोटात एक यादी आहे, आणि सारी गोम त्या यादीत आहे. तिला तिसरी अनुसूची म्हणतात. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यातही तीच यादी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले आहेत, आणि त्या संहितेतही ही यादी तिसरी अनुसूची म्हणूनच उतरली आहे. तिचे तीन भाग आहेत, त्यांना अ, ब, क म्हणू.

अ भागातल्या आजारांना नोकरीच्या मुदतीची अट नाही. शिसे व नायट्रस वायूची विषबाधा त्यात आहे. ब भागात मँगनीज, क्रोमियम, कॅडमियम, कामामुळे जडलेला दमा, उष्ण किरणांमुळे येणारा मोतीबिंदू आणि कार्बन मोनॉक्साइडची बाधा आहे. म्हणजे वेल्डरचे बहुतेक आजार या ब भागात येतात. क भागात सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, असे धुळीचे आजार आहेत.

आता या भागांतला फरक नीट लक्षात घ्या, कारण वकील मंडळीही तो घाईत वाचतात. क भागात कामगाराने एका किंवा अनेक मालकांकडे केलेली नोकरी एकत्र धरली जाते, आणि भरपाईची वाटणी त्या सर्व मालकांवर करता येते. ब भागात मात्र अट अशी की, एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असली पाहिजे. त्याच प्रकारच्या कामावर दुसऱ्या मालकाकडे काढलेला काळ त्यात मोजायचा नाही, असे कंसात मुद्दाम लिहिले आहे. कापसाची धूळ छातीत साठते हे कायद्याला समजते. मँगनीजही साठते, पण ते जणू दर सहा महिन्यांनी मालकाचे नाव पाहून साठते!

ज्या काळी वेल्डर मोठ्या कारखान्यात कायम नोकर होता त्या काळी ही अट कोणाला टोचली नसेल. बोरीवली पूर्वेला टाटा स्टीलची सुमारे २५ एकर जमीन होती. ती २०१४ मध्ये १,१५५ कोटी रुपयांना ओबेरॉय रिअल्टीला विकली गेली. एकरी सेहेचाळीस कोटींहून अधिक. आता तेथे गगनचुंबी इमारती आहेत. दत्तपाडा, कुलूपवाडी, मागाठाणे या पट्ट्यात हेच थोड्याफार फरकाने घडत आले आहे. त्या इमारतींना लोखंड जोडायला वेल्डर लागतोच. तो नाहीसा झाला नाही, त्याची हजेरी नाहीशी झाली. तो चार महिने एका ठेकेदाराकडे, मग दोन महिने गाळ्यात, मग मेट्रोच्या कोणत्या तरी उपठेकेदाराकडे, पावसाळ्यात गावी, आणि परतल्यावर पुन्हा नाक्यावर. एकवीस वर्षांत त्याने एकाच मालकाकडे सलग सहा महिने काढल्याचा एकही कागद नसेल. राष्ट्रीय उद्यानाची टेकडी गाळ्याच्या दारातून दिसते, मुंबईतली सर्वांत चांगली हवा हाकेच्या अंतरावर आहे. आणि आत पत्र्याखाली दोन माणसे वाकून पाइप जोडत आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे की, या कायद्याने कामगाराला मालकाची चूक सिद्ध करण्यातून सोडवले, पण स्वतःचे अस्तित्व सिद्ध करण्याच्या कामाला जुंपले. मी होतो, मी येथे काम केले, मी हा धूर घेतला, एवढे दाखवता आले की पुढचे सारे कायदाच करतो. आणि नेमके एवढेच त्याला दाखवता येत नाही.

कोणी म्हणेल, ही रक्कम तरी किती, की जिच्यासाठी एवढा आटापिटा करावा. हिशेब करू. १९२३ च्या कायद्याखाली कायमच्या संपूर्ण असमर्थतेला मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचे असे. जानेवारी २०२० पासून त्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १६९.४४. तेव्हा ९,००० गुणिले १६९.४४ म्हणजे १५,२४,९६० रुपये. कमावण्याची शक्ती चौथ्या हिश्शाने गेली असे ठरले तरी ३,८१,२४० रुपये. आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर त्यावर १२ टक्के व्याज, शिवाय कारण समाधानकारक नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. शेठ 'माणुसकी म्हणून' पाच हजार हातावर ठेवतो तेव्हा त्याने कोणता हिशेब टाळला, हे आपल्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असले पाहिजे.

कमावण्याची शक्ती किती गेली, हे मोजायचे कसे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा एक निकाल आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची असमर्थता शंभर टक्के, असे न्यायालयाने मान्य केले. 'दुसरे काही काम करील की' हा युक्तिवाद टिकला नाही. ज्याचा हात थरथरतो त्याला शिवण सरळ टाकता येत नाही. ज्याला दम लागतो त्याला परातीवर चढता येत नाही. तो सही करू शकतो, चालू शकतो, म्हणून त्याचे नुकसान दहा टक्केच, असे कोणी सांगू लागला तर हा सुतार त्याच्यापुढे उभा करा.

विमा असेल तर वाट निराळी. राज्य विम्याखालील कामगाराला मालकाकडून भरपाई मागता येत नाही. ती महामंडळ देते, आणि ती एकरकमी न देता वेतनाच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने, असमर्थतेच्या प्रमाणात, आयुष्यभर दरमहा देते. माझ्या मते हीच वाट अधिक चांगली, कारण एकरकमी पैसा गावाकडच्या कर्जात आणि मुलीच्या लग्नात जातो आणि खोकला उरतो. पण विम्यासाठी आस्थापनेत दहा माणसे लागतात, आणि गाळ्यात असतात चार. २०१७ साली वेतनमर्यादा २१,००० रुपये केली. वेल्डरचा रोज बरा असेल तर तो त्याही दाराबाहेर राहतो. दुखण्याला इस्पितळ जवळ हवे, हेही आहेच. कांदिवलीचे राज्य विमा रुग्णालय आपल्याला जवळ, परंतु डिसेंबर २०१८ मध्ये मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागून रुग्णांचे बळी गेले, त्यानंतर पश्चिम उपनगरांतल्या कामगारांची जी परवड झाली ती आपण पाहिली आहे.

नव्या संहितेवर आपली टीका आहे आणि ती मागे घेण्याचे कारण नाही. वीज वापरणाऱ्या ठिकाणी पूर्वी केंद्रीय कायद्याने दहा माणसे असली की कारखाना मानत, आता वीस लागतात. याचा अर्थ तपासनीसाची पायरी आणखी उंच झाली. परंतु टीका करताना आपल्या कामाचे कलम नजरेतून सुटू नये. सामाजिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत म्हटले आहे की, केंद्र सरकारने धोकादायक वा जीवघेणा म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायात एकच कामगार असला तरी त्या आस्थापनेला विमा लागू होईल. एकच! बोरीवलीच्या चार माणसांच्या गाळ्याचे कुलूप उघडणारी किल्ली ही आहे. जगाने ज्या धुराला कर्करोगकारक म्हटले तो धूर काढणारा धंदा या अधिसूचनेत नसावा, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? वेल्डिंगचे नाव तेथे आले पाहिजे, ही आपली पहिली मागणी. दुसरी मागणी अनुसूचीविषयी. यादीत फुप्फुसाचा कर्करोग आहे, पण अ‍ॅस्बेस्टॉसने झालेला. वेल्डिंगच्या धुराने झालेला त्यात नाही, तो घालावा. आणि वेल्डरचे आजार ब भागातून क भागात न्यावेत, म्हणजे अनेक मालकांकडची वर्षे एकत्र मोजली जातील.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. गाळ्याचा मालक स्वतः कालपर्यंत वेल्डरच होता. तोही तोच धूर घेतो. त्याच्यावर पंधरा लाखांचा बोजा टाकून काय साधणार? खरे आहे, त्याच्याकडून काही मिळणार नाही. म्हणूनच विमा हवा. आणि म्हणूनच मुख्य मालकाकडे जायला हवे. ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर ज्याचे काम चालले आहे त्याने प्रथम भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व १९२३ पासून आहे. बांधकामावरच्या वेल्डरसाठी दार ठोठवायचे ते बिल्डरचे.

डॉक्टरांविषयी थोडे. मुंबईला हा धडा नवा नाही. गिरण्यांतल्या धूळ खात्यातील माणसे पिढ्यान् पिढ्या खोकत मेली आणि त्यांना क्षयरोगी वा विडीबाज म्हटले गेले. बिसिनोसिस इंग्लंडात होतो, आपल्याकडे फारसा होत नाही, असे ऐकवले जाई. पुढे मुंबईतल्याच काही डॉक्टरांनी व कामगारांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या मंडळींनी एका गिरणीतल्या कामगारांची फुप्फुसे तपासली आणि १९९५ मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात तो अभ्यास छापला. रोग तेथे होताच. तो मोजणारा नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर हजारो माणसे तोपर्यंत गिरणीबाहेर फेकली गेली होती, ही गोष्ट वेगळी आणि दुःखद. त्याच १९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, बाधित ठरलेल्या कामगाराला एक लाख रुपये द्यावे असे सांगितले, आणि कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा असेल तोवर, जपून ठेवण्याचा आदेश दिला. चाळीस वर्षे! न्यायालयाला कळले होते की हे आजार नोकरी सुटल्यावर उगवतात. कायद्यातही तरतूद आहे की, अटीची नोकरी पुरी झालेली असेल आणि आजार त्या कामातूनच उद्भवल्याचे दाखवता आले, तर नोकरी सुटल्यावरही हक्क बुडत नाही. दावा करण्याची मुदत मात्र दोन वर्षांची. उशिराचे सबळ कारण असेल तर ती माफ होऊ शकते.

अमेरिकेचेही पाहा. तेथे मँगनीजच्या धुराबद्दल हजारो वेल्डरांनी रॉड बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. २००३ पासून ते ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या न्यायालयात एकत्र आणले गेले, आणि उरलेल्या दाव्यांचा २०१२ मध्ये समझोता झाला. धोका ठाऊक असून खोक्यावर पुरेसा लिहिला नाही, हा त्या दाव्यांचा गाभा. बरेच दावे कामगार हरलेही. मी हे सांगतो ते अनुकरणासाठी नव्हे. आपला कायदा या बाबतीत त्यांच्या दाव्यांपेक्षा सोपा आहे, कारण येथे कोणाला काय ठाऊक होते, हे सिद्ध करावे लागत नाही.

तर काम कोठून सुरू करायचे? वहीपासून. प्रत्येक वेल्डरकडे एक शंभरपानी वही असावी. तीत तारीख, ठेकेदाराचे नाव, जागा, किती तास, साधे लोखंड की स्टेनलेस की जस्ताचा पाइप, रॉडच्या खोक्यावरचा नंबर, आणि सोबत कोण होते. स्वतःच्या हस्ताक्षरातली, रोजच्या रोज लिहिलेली नोंद आणि सोबत्याची साक्ष यांना वजन असते. पैसे मोबाइलवर आले असतील तर तो पुरावा पुसू नका. अनेक वेल्डर उत्तर प्रदेश, बिहारचे आहेत. त्यांनी वही हिंदीत लिहावी, त्यांच्याशी बोलताना आपणही हिंदीत बोलावे. दुसरे, दवाखान्यात जाताना एकट्याने जाऊ देऊ नका. आपला एक माणूस बरोबर असावा आणि त्याने डॉक्टरांना नम्रपणे विनंती करावी की, केस पेपरवर 'वेल्डर, एकवीस वर्षे' एवढे शब्द लिहा. औषध बदलेल न बदलेल, पण हे दोन-तीन शब्द पुढे आयुक्तांसमोर बोलतील. आपल्या भागातले डॉक्टर वाईट नाहीत, त्यांना कोणी हे विचारायला शिकवलेले नाही.

मागाठाण्याच्या त्या मित्राची छातीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, आणि त्याला बरोबर कोणी हवे. त्याने गेल्या सहा वर्षांतल्या नऊ ठेकेदारांची नावे आठवून लिहिली आहेत. त्यांपैकी तिघे कोठे आहेत हे आपल्याला शोधायचे आहे. ज्यांना दत्तपाडा आणि कुलूपवाडीचे गाळे माहीत आहेत त्यांनी चहा झाल्यावर थांबावे.